छोट्या खाऱ्या टँकला रिफ्युजियम जोडताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांत प्रवाळाच्या छोट्या टँकचे प्रश्न इतके होते, की गप्पी-मोलीवाल्यांना या वेळी थांबवावं लागलं. बहुतेकांना रिफ्युजियमविषयी विचारायचं आहे. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: मुख्य टँकच्याच पाण्यावर चालणारा, पण माशांना वाट बंद असलेला वेगळा कप्पा म्हणजे रिफ्युजियम. त्यात समुद्री शेवाळ वाढवायचं आणि त्या जाळ्यात कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड अशा बारीक जिवांना निवांत वाढू द्यायचं.

प्रश्न: दोन फुटी टँक आहे, निव्वळ पाणी ५५ लिटर. दोन क्लाउनफिश, एक गोबी, प्रवाळांपैकी थोडे झोअँथिड आणि एक लेदर कोरल. नायट्रेट ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.२५. दगडांवर केसाळ शेवाळ आहे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो, तरी आकडे जागचे हलत नाहीत. रिफ्युजियमने सुटेल का? केवढं हवं? मागे टांगायचं की खाली कपाटात? — ठाणे

उत्तर: आधी तुमचेच आकडे वाचू. १० टक्के पाणी बदललं की ३० मधले ३ पीपीएम जातात आणि आठवड्याभरात पुन्हा ३० होतात. म्हणजे तुमच्या टँकमध्ये आठवड्याला ३ पीपीएमची, ५५ लिटरमध्ये सुमारे १६५ मिलिग्रॅम नायट्रेटची शिल्लक पडते. एवढी शिल्लक शेवाळाला जड नाही. निथळलेल्या शंभर ग्रॅम कीटोमॉर्फात (रिफ्युजियममध्ये वाढवायचं हिरवं, गुंत्यासारखं शेवाळ) साधारण दहा ग्रॅम सुका भाग असतो. त्यात तीन टक्के नायट्रोजन धरला, तर ०.३ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १.३ ग्रॅम नायट्रेट होतं. हा ढोबळ हिशोब आहे, पण अंदाज बांधायला पुरतो: आठवड्याला पन्नास ग्रॅम नवी वाढ कापून फेकली, तर साडेसहाशे मिलिग्रॅम नायट्रेट टँकबाहेर गेलं. शिलकीच्या चौपट.

यातला ‘कापून फेकली’ हा भाग विसरला जातो. शेवाळ नायट्रेट नाहीसं करत नाही, अंगात साठवतं. ते कापून बाहेर काढलं नाही, तर गोळा दाट होतो, आतला भाग उजेडाविना कुजतो आणि साठवलेलं सगळं पाण्यात परत येतं. रिफ्युजियम लावून वर्ष झालं, कात्री एकदाही लागली नाही आणि ‘फरक पडला नाही’ ही तक्रार आली, तर दोष रिफ्युजियमचा नाही.

फॉस्फेटबाबत मात्र घाई करू नका. चुन्याचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत राहतो. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने आकडा खाली जाऊन पुन्हा वर येताना दिसेल. दगडांवरचं केसाळ शेवाळही आपोआप मरणार नाही. पाणी बदलताना ते हाताने उपटून सायफनने ओढून घ्यावं लागेल. ट्रोकस किंवा टर्बो जातीच्या दोन-तीन गोगलगायी उरलेलं खरवडतील. रिफ्युजियमचं काम एवढंच, की उपटलेलं पुन्हा त्याच जोमाने येऊ नये.

आता आकार. मागे टांगायचा डबा चार-पाच लिटरचा मिळतो. पॉड्ससाठी, म्हणजे कोपेपॉडसारख्या बारीक जिवांसाठी, तो छान आहे. नायट्रेट उतरवायला तोकडा, कारण मूठभर शेवाळातच भरून जातो. डब्याची चांगली बाजू अशी, की छोटा पंप पाणी डब्यात चढवतो आणि ते उताराने टँकमध्ये पडतं, त्यामुळे वीज गेली तरी पूर येत नाही. पण तुमच्यासाठी खालच्या कपाटातला संपच घ्यावा, असं आमचं मत. (संप म्हणजे खालचा टँक, नवख्यांनी कामबंद समजू नये.) त्यात ८-९ लिटरचा शेवाळाचा कप्पा बसतो, शिवाय एकूण पाणी वाढतं. १७ लिटर नवं खारं पाणी जोडलं, की ३० चं नायट्रेट शेवाळ टाकण्याआधीच २३ वर येतं.

तिथून ८ पर्यंत उतरायला महिना-दीड महिना धरा. त्याहून घाई नको. पाण्यातलं अन्न एकदम तुटलं, की लेदर कोरल आठवडाभर मिटून बसतं. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान ठेवा. शून्य गाठायची हौस नको.

प्रश्न: ६० × ३० सेंटिमीटरच्या टँकखाली घरीच संप बनवायचा आहे. मापं द्याल का? वीज गेल्यावर खालचा टँक भरून वाहतो असं ऐकलं, त्याचीच धास्ती आहे. — कल्याण

उत्तर: धास्ती योग्य आहे आणि तिचं उत्तर गुणाकारात आहे. कपाटात ४५ × २५ × ३० सेंटिमीटरचा संप बसवा, काच ५ मिलिमीटर. वर हात घालायला किमान २०-२५ सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे, नाहीतर शेवाळ कापताना मनगट सोलून निघतं. आत दोन उभ्या पडद्या. पहिला कप्पा १० सेंटिमीटर रुंद, तिथे वरून येणारं पाणी आणि गाळाची पिशवी. पडदीची उंची २०. मधला २० सेंटिमीटर रुंद, हाच रिफ्युजियम, पडदी १८. शेवटचा १३ सेंटिमीटरचा, त्यात पाणी वर परत ढकलणारा रिटर्न पंप आणि पाण्याची पातळी १२. पाणी पडद्यांवरून उतरत जाईल आणि मधल्या कप्प्याची पातळी कायम १८ राहील. एकूण चालतं पाणी साधारण १७ लिटर, आणि काठोकाठ भरला तर ३० लिटर. म्हणजे १३ लिटरची मोकळी जागा.

आता वीज गेली असं समजा. वरच्या टँकमध्ये १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १.८ लिटर. ओव्हरफ्लोच्या (वरचं जास्तीचं पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या) काठापर्यंत २ सेंटिमीटर उतरलं तर ३.६, नळ्यांतलं एखादा लिटर, मिळून साडेचार-पाच. संपात सहज मावतं. मात्र रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात खोल बुडवलेलं असेल, तर सायफन लागून तोंड उघडं पडेपर्यंत टँक उतरत राहील. म्हणून नळीला पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, हवा शिरली की सायफन तुटतो. त्या भोकात क्षार आणि शेवाळ साचतं, पंधरवड्याने दातकोरणीने साफ करा. उलटं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. खाऱ्या पाण्यात एखादी शंखाची कपची अडकली तरी तो पूर्ण मिटत नाही.

दुसरी बाजू फारसं कुणी मोजत नाही. वीज आहे, पंप चालू आहे आणि खाली येणारी नळी तुंबली, तर? पंप शेवटचा कप्पा उपसत राहील. १३ × २४ सेंटिमीटरच्या कप्प्यातलं ९ सेंटिमीटर पाणी म्हणजे २.८ लिटर, वरच्या टँकची पातळी दीड सेंटिमीटरहून थोडी जास्त चढेल. म्हणून वरच्या टँकला काठाशी किमान २ सेंटिमीटर कोरी जागा हवी. दोन्ही प्रसंग प्रत्यक्ष करून बघा: एकदा प्लग काढून, एकदा खाली येणारी नळी कापडाने बुजवून. रविवारी सकाळी, घरात माणसं असताना.

पाणी खाली आणायला टँकला भोक पाडून ओव्हरफ्लो बसवणं सगळ्यात खात्रीचं. पण काच टफन्ड असेल तर ड्रिल लावताच तिचा चुरा होतो. काचवाल्याकडून आधी खात्री करा. काठावर टांगायचा सायफनचा ओव्हरफ्लो चालतो, पण त्यात हवा साचून सायफन तुटू शकतो, आणि तेव्हा वरचा २.८ लिटरचा हिशोब खरा ठरतो.

सिलिकॉन मत्स्यालयाचं, म्हणजे बुरशीनाशक नसलेलं, बाथरूमचं नको. सांधे आठवडाभर वाळू द्या, मग नळाच्या पाण्याने दोन दिवस भरून तपासा. पंपावर ताशी ६०० लिटर लिहिलेलं असलं, तरी मीटरभर उंची चढवल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचतं, आणि या टँकला ताशी ३०० पुरेसं आहे. नव्या १७ लिटर पाण्याला सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागेल. पिशवीवरचं माप घ्या, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारेपणा मोजायचं उपकरण): विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. पाणी आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळ. टँकरचं किंवा बोअरचं नको. मीठ कालवून दिवसभर हलतं ठेवलेलं आणि टँकच्याच तापमानाचं पाणी जोडा.

वायरींना प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोलाशी टपकेल. प्लगच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. तिथे काटकसर करू नये.

प्रश्न: कोणतं शेवाळ टाकावं? दुकानदार कॉलर्पा देतो, दिसायलाही सुंदर आहे. — पुणे

उत्तर: कीटोमॉर्फा, हौशी लोकांच्या भाषेत कीटो. भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखा गुंता असतो, कशाला मुळं धरत नाही, उचलून कात्रीने निम्मा केला की काम झालं.

कॉलर्पा सुंदर आहे यात वाद नाही, आणि वाढतोही झपाट्याने. पण त्याची सवय वाईट. वाढ खुंटली, उजेडाची वेळ बदलली किंवा जागा भरली, की एका रात्रीत सगळी वसाहत जननपेशी सोडते आणि पोकळ, पांढरी पडते. पाणी हिरवट दुधाळ होतं, साठवलेलं नायट्रेट-फॉस्फेट परत पाण्यात येतं, प्राणवायू उतरतो. तीनशे लिटरच्या टँकमध्ये हे निभावतं. सत्तर लिटरमध्ये मासे जाऊ शकतात. दिवा चोवीस तास चालू ठेवून लोक हे टाळतात, पण मग दिव्याच्या वेळेचा सगळा फायदा गेला. शिवाय त्याचं खोड दगडांत रुजतं आणि एक तुकडा पंपातून वर गेला तरी मुख्य टँकमध्ये ठाण मांडतो. कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनाकोजवळच्या समुद्रात आढळलं आणि पुढे भूमध्य समुद्राचा तळ व्यापत गेलं. म्हणून काढलेलं कोणतंही शेवाळ नाल्यात किंवा समुद्रात टाकू नका. वाळवून कचऱ्यात द्या.

लालसर ग्रॅसिलेरिया चालेल. वाढ कमी, पण टँग जातीचे मासे ते आवडीने खातात, तेव्हा कापलेलं वाया जात नाही.

आणलेलं कीटो थेट सोडू नका. त्यात एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल), हिरव्या फुग्यांचं व्हॅलोनिया शेवाळ, केसाळ शेवाळाचे धागे लपून येतात. टँकमधून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत झटकून, उलगडून बघा. शंका असलेला भाग फेका. मग आठवडाभर एअर स्टोन आणि दिव्याखाली वेगळं ठेवा. गोड्या पाण्यात बुडवून धुण्याचा सल्ला मिळेल, पण त्यात पॉड्सही मरतात, आणि ते तर फुकट मिळालेले पाहुणे. सुरुवातीला शंभर-दीडशे ग्रॅम पुरे.

प्रश्न: दिवा कोणता आणि किती तास? मुख्य टँकचे दिवे बंद असताना लावायचा म्हणतात, ते का? — डोंबिवली

उत्तर: ८-९ लिटरच्या कप्प्याला १० वॉटचा, आयपी ६५ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित) शिक्क्याचा एलईडी फ्लड लाइट पुरतो, रंग ६५०० केल्विन. लाल-निळा मिश्र ग्रो लाइट मिळाला तर वाढ आणखी चांगली. घरातला साधा बल्ब होल्डरला लावून चालतो, पण खारट बाष्पाने होल्डर सहा महिन्यांत हिरवा पडतो. दिवा पाण्यापासून १५-२० सेंटिमीटर वर. पहिले आठ-दहा दिवस आठ तास, मग बारा, गरज पडली तर सोळा.

रात्री लावण्याचं कारण पीएच. उजेड गेला की टँकमधलं सगळं जीवन श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि पीएच उतरतो. संध्याकाळी ८.२ असलेला पहाटे ७.९ वर आलेला दिसेल. खिडक्या लावून एसी चालवलेल्या बेडरूममध्ये आणखी खाली, कारण हवेतच कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. रात्री रिफ्युजियमचा दिवा लागला, की शेवाळ त्यातला काही भाग खाऊन टाकतं. मुख्य दिवे सकाळी ११ ते रात्री ८ असतील, तर खालचा रात्री ९ ते सकाळी ९. टायमर लावा, स्मरणशक्तीवर ठेवलं तर पंधरा दिवसांत वेळ घसरते.

उजेड शेजारच्या कप्प्यात सांडू देऊ नका. रिटर्नच्या बाजूच्या पडदीला बाहेरून काळा प्लास्टिकचा पत्रा उभा करा, नाहीतर पंपावर आणि नळीच्या तोंडाशी शेवाळ धरतं.

प्रश्न: संप चालू होऊन पाच महिने झाले, एकूण पाणी ७२ लिटर. आधी कीटो फोफावलं, दर आठवड्याला मूठभर काढत होतो. आता वाढ थांबली, गोळा पिवळट-पांढरा पडतोय आणि तुकडे सुटताहेत. नायट्रेट ०, फॉस्फेट ०.२. दिव्याचे तास वाढवून काही झालं नाही. — कोथरूड, पुणे

उत्तर: दिवा वाढवून तुम्ही उपाशी माणसाला जास्त पळवलंत. कीटोला नायट्रोजन संपला आहे.

यात गंमत अशी, की हे होणं ठरलेलंच असतं. समुद्री शेवाळाच्या अंगात सरासरी फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे तीस असतात. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात मांडलं, तर १ पीपीएम फॉस्फेट खायला सुमारे २० पीपीएम नायट्रेट लागतं. माशांच्या कोरड्या खाद्यात हे प्रमाण वेगळं असतं. एक ग्रॅम खाद्य, त्यात ४५ टक्के प्रथिनं, प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन: त्यातून ०.३२ ग्रॅमपर्यंत नायट्रेट होतं. फॉस्फरस एक टक्का धरला तर फॉस्फेट ०.०३ ग्रॅम. म्हणजे दहास एक. खाद्य दहास एक भरतंय, शेवाळ वीसास एक उपसतंय. वर दगडांतले जिवाणू नायट्रेट वेगळं फोडताहेत. नायट्रेट आधी संपणार आणि फॉस्फेट मागे उरणार.

उपाय दोन. मासे बारीक दिसत असतील तर खाद्य थोडं वाढवा, एवढ्याने बऱ्याचदा भागतं. नाहीतर सोडियम नायट्रेट घाला. प्रयोगशाळेच्या दर्जाचं १० ग्रॅम घेऊन आरओच्या पाण्यात विरघळवा आणि एक लिटर करा. यातले १० मिलिलिटर तुमच्या ७२ लिटरमध्ये नायट्रेट १ पीपीएमने वाढवतात. रोज १०, फार तर २० मिलिलिटर, वेगवान प्रवाहात. चौथ्या दिवशी मोजा. ५ पीपीएम टिकलं की थांबा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. फॉस्फेटचं औषध त्याच आठवड्यात सुरू करू नका. नायट्रेट आल्यावर कीटोच फॉस्फेट ओढू लागेल, आणि दोन्ही एकदम शून्यावर गेली, तर डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, बुडबुड्यांचा शेंबूड वाळूवर पसरतो. त्याच्यापुढे केसाळ शेवाळ परवडलं.

नायट्रेट असूनही कीटो फिकट राहिलं, तर लोह-मँगनीज कमी पडलं असेल. पाच-सात लिटर पाणी बदला. नव्या मिठात ते येतात. लोहाची बाटली हा शेवटचा उपाय, तोही लेबलवरच्या मात्रेच्या चौथाईने.

पांढरा झालेला भाग आज काढा. हिरवा मुठीएवढा उरला तरी चालेल, तेवढ्यातून पुन्हा भरतं. दर आठवड्याला गोळा उलटा करा, कारण वरच्या पाच सेंटिमीटरखाली फारसा उजेड पोचत नाही. आणि सुटलेले धागे रिटर्नमध्ये जाऊ नयेत म्हणून पडदीच्या काठाला प्लास्टिकची जाळी लावा. पंपाच्या पात्यात अडकलेलं कीटो काढणं म्हणजे कंगव्यातले केस काढणं.

प्रश्न: रिफ्युजियममध्ये पॉड्स सोडले तर ६० लिटरच्या टँकमध्ये मँडरिन मासा ठेवता येईल का? — बोरिवली

उत्तर: नाही. मँडरिन दिवसभर दगडांवर टिपत फिरतो आणि त्याचं पोट लहान, त्यामुळे दर थोड्या वेळाने काहीतरी मिळालंच पाहिजे. ६० लिटरमधले पॉड्स तो काही आठवड्यांत संपवतो. ८ लिटरच्या कप्प्यात टिस्बे कोपेपॉडची नवी पिढी तयार व्हायला दीड-दोन आठवडे जातात. तिथून पंपाने वर जाणारे त्याच्या न्याहारीलाही पुरत नाहीत. मग पोट आत गेलेला, पाठीशी कंगोरा दिसणारा मासा दोन-तीन महिन्यांत जातो. दोनशे लिटरच्या पुढचा, वर्षभर जुना, भरपूर दगडांचा टँक असेल तेव्हा विचार करा. दुकानात ‘गोठवलेलं खातो’ असं सांगितलं, तर तिथेच खाऊन दाखवायला सांगा.

तुमच्या टँकमध्ये पॉड्स सोडायचे ते गोबी आणि प्रवाळांसाठी. दिवे मालवल्यावर, रिटर्न पंप तासभर बंद करून, कीटोच्या गोळ्यातच ओता. मूठभर जिवंत दगडाचे (जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या सच्छिद्र दगडाचे) तुकडे कप्प्याच्या तळाला टाकले, की त्यांना लपायला जागा मिळते.

प्रश्न: कप्प्यात वाळू किंवा खनिज चिखल घालू का? — वाशी

उत्तर: एवढ्या लहान कप्प्यात नको. वाळूच्या थरात नायट्रेट फुटायचं तर थर दहा सेंटिमीटरच्या पुढे लागतो; कल्याणच्या मापातली १८ सेंटिमीटरची खोली त्यात निम्मी गेली. पाच-सहा सेंटिमीटर हा सगळ्यात वाईट पर्याय: गाळ धरतो आणि काम करत नाही. तळ उघडा ठेवा, गाळ नळीने ओढता येतो.

प्रश्न: खाडीकाठी खारफुटीच्या शेंगा पडलेल्या दिसतात, खडकांवर हिरवं समुद्री शेवाळही भरपूर असतं. तेच आणून लावलं तर? — रत्नागिरी

उत्तर: शेंगा कांदळाच्या असणार. त्या रुजतात, पण पहिली पानं फुटायला काही महिने लागतात आणि पुढेही वाढ इतकी संथ, की नायट्रेटवर परिणाम मोजण्याइतकाही होत नाही. मुळांचा विस्तार मात्र संपाच्या काचेला पेलत नाही. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून बंदी घातली आहे आणि २०१८ च्या निकालात ती कायम राहिली. किनाऱ्यावरून रोपं उपटण्याच्या वाटेला जाऊ नये.

खडकांवरचं हिरवं पान म्हणजे अल्वा. त्याचं आयुष्य कमी, टँकमध्ये काही आठवड्यांत विरघळून जातं. सोबत खेकड्याची पिल्लं, किडे आणि बंदराजवळ असेल तर डिझेलचा तवंग येतो. आणि समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेले दगड आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना हाताला लागलेला तुकडाही त्यात येतो. कीटो तुमच्या भागात मिळत नसेल, तर मुंबई-पुण्यातल्या कुणा हौशी माणसाकडे मागा. प्रत्येकजण दर आठवड्याला ते फेकतच असतो. ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत बंद केलेलं कीटो रात्रीच्या एसटीचा प्रवास सहज सोसतं.

प्रश्न: मागच्या बाजूला तीन कप्पे असलेला तयार टँक आहे. मधल्या कप्प्यातच कीटो ठेवू का? — मडगाव

उत्तर: ठेवा. मागच्या काचेवरचा काळा कागद त्या कप्प्यापुरता खरवडून बाहेरून दिवा लावा. कप्पा दोन-तीन लिटरचाच असेल, तेव्हा मुठीपेक्षा जास्त शेवाळ भरू नका, पाणी अडून पंपाचा कप्पा कोरडा पडेल. पाणी पिवळसर दिसू लागलं, तर ३०-४० ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पिशवीत घालून ठेवा आणि महिन्याने बदला. वाढत्या शेवाळाचा रंग पाण्यात उतरतोच.

प्रश्न: मे महिन्यात पंख्यावर टँक थंड ठेवतो. संप जोडल्यापासून पंप सारखा गुरगुरतो आणि टँकमध्ये बुडबुडे येतात. लोडशेडिंगमध्ये काय करावं? — नागपूर

उत्तर: गुरगुर म्हणजे पंप हवा ओढतोय. बाष्पीभवन टँकभर होतं, पण पातळी फक्त रिटर्नच्या कप्प्यात उतरते. कल्याणच्या वाचकांना दिलेल्या मापात एक लिटर उडालं, की तिथे ३.२ सेंटिमीटर कमी होतात. नागपूरच्या कोरड्या हवेत पंखा तीन-चार अंश उतरवतो, मुंबईच्या दमट हवेत त्याहून बराच कमी. पण त्यापायी दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी जातं आणि संध्याकाळपर्यंत पंप उघडा पडतो. ७२ लिटरमधले दोन लिटर उडाले, तर क्षारता (हजार भाग पाण्यातलं मीठ) ३५ ची ३६ होते, आणि रात्री एकदम बादली ओतली की परत ३५. रोजचा हा झोका प्रवाळांना सोसत नाही.

फ्लोट स्विचवर चालणारा टॉप-अप लावा आणि त्यात साधं आरओचं पाणी भरा, खारं नव्हे. मीठ उडून जात नाही. टॉप-अपची टाकी ८ लिटरपेक्षा मोठी घेऊ नका. फ्लोट अडकला, तर सगळं पाणी संपात येईल, आणि वीज गेल्यावर वरून उतरणाऱ्या पाच लिटरसाठी जागा उरली पाहिजे. फ्लोटवर गोगलगाय चढू नये म्हणून भोवती जाळी हवी.

लोडशेडिंगमध्ये पंप आणि रिफ्युजियमचा दिवा इन्व्हर्टरवर घ्या, दोन्ही मिळून २५-३० वॉट. दोन्ही शक्य नसेल तर पंप आधी. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप मुख्य टँकमध्ये सोडा. अंधारात, न हलणाऱ्या पाण्यात कीटो स्वतःच प्राणवायू खातं. चार-पाच तास गेले असतील, तर वीज आल्यावर पंप सुरू करण्याआधी त्या कप्प्यातलं पाणी हुंगा. सडक्या अंड्याचा वास आला, तर ते आठ-नऊ लिटर बादलीत उपसून टाका आणि तेवढंच नवं खारं पाणी भरा. त्यासाठी १० लिटर कालवलेलं पाणी झाकून ठेवायची सवय उन्हाळ्यात असावी.